अडकलेली गरी

रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर, भाट्याच्या पुलाजवळ किंवा भगवती किल्ल्याखालच्या कातळांवर संध्याकाळी फेरी मारली, तर गरवायला बसलेली माणसे हमखास दिसतात. घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की गरी म्हणजे मासे धरायचा गळ, आणि गरीने मासे धरणे म्हणजे गरवणे. कोणाच्या हातात रीळ लावलेली महागडी काठी असते, तर कोणाच्या हातात नुसती तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी. तंगुसाच्या टोकाला शिशाचे वजन आणि गरी. तांबोशी, शिंगाळा, कधी नशिबाने गोबरा मिळतो. पण या माणसांकडे तासभर नीट पाहिले, तर लक्षात येईल की त्यांचा बराचसा वेळ मासे काढण्यात जात नाही, अडकलेली गरी सोडवण्यात जातो.

हे होणारच. हा किनारा कातळाचा आहे. जांभा भोकाभोकांचा असतो, त्यावर कालवांची धारदार कवचे चिकटलेली असतात, आणि खाडीच्या कडेने कांदळवनाची मुळे पसरलेली असतात. गरी अडकवण्यासाठी मुद्दाम बनवावा असा हा तळ आहे. साधी गरी स्वस्त असते, गेली तर गेली. परंतु हल्ली माशाच्या आकाराचे रंगीत कृत्रिम आमिष वापरतात. त्याला तीन-तीन तोंडांचे दोन गळ लावलेले असतात आणि किंमत काहीशे रुपयांच्या घरात जाते. ते अडकले की माणूस हट्टाला पेटतो. जोराने ओढतो, काठी वाकवतो, आणि शेवटी पँट वर करून पाण्यात उतरतो. शेवटची पायरी सर्वांत वाईट. शेवाळलेला कातळ, येणारी लाट आणि नजर पाण्याखालच्या तंगुसावर, हा योग जिवावर बेतू शकतो. किनाऱ्यावरच्या शाळांतली पुष्कळ मुले गरवायला जातात. म्हणून हा विषय विज्ञानाच्या तासाला घेण्यासारखा आहे.

प्रथम गरी अडकते म्हणजे काय होते ते पाहू. गरीचे टोक वाकून परत दोरीच्या दिशेकडे आलेले असते. आपण ओढले की टोक आपल्याकडे येते आणि वाटेत जे सापडेल त्यात रुतते. मासा असेल तर त्याच्या जबड्यात, दगड असेल तर त्याच्या खाचेत. म्हणजे जितके ओढावे तितके ते घट्ट बसणार. गरीची रचनाच तशी आहे, तिचा दोष नाही. टोकाजवळचा उलटा काटा मासा निसटू नये म्हणून असतो. दगडाच्या बाबतीत त्या काट्याचे फारसे काम नसते, तिथे सगळा खेळ बलाच्या दिशेचा आहे. गरी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने ती बाहेर निघेल, आणि त्यासाठी बल आपल्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने लावायला हवे.

इथेच खरी अडचण आहे. दोरीने ओढता येते, ढकलता येत नाही. मुलांना हे वाक्य आधी फळ्यावर लिहून द्या आणि मग विचारा : तीस मीटर लांब, पाण्याखाली असलेली वस्तू दोरीच्या साहाय्याने पलीकडे कशी ढकलाल? गरी सोडवायची जगातली जवळजवळ सर्व साधने ही या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

अंतर कमी असेल तर उत्तर सोपे आहे, दोरीऐवजी काठी वापरा. खाडीत होडीतून गरवणारा लांब बांबू घेऊन गरीच्या मागच्या बाजूला टेकवतो आणि ढकलतो. बाजारात मिळणाऱ्या अशा काठ्यांच्या टोकाला जाड तारेचा, डुकराच्या शेपटीसारखा पिळलेला वेढा असतो. तो वेढा तंगुसावर चढवायचा आणि तंगुसाच्याच वाटेने काठी सरकवत थेट गरीपर्यंत न्यायची. पाणी गढूळ असले तरी काठी चुकत नाही, कारण वाट दाखवायला तंगूस आहेच. पण काठीची लांबी चार-पाच मीटर, फार तर. त्यापुढे काय?

त्यापुढे वजन. हे साधन मला स्वतःला सर्वांत आवडते, कारण ते कोणत्याही लोहाराच्या किंवा भंगारवाल्याच्या दुकानातून उभे करता येते. एक जड कडे घ्यायचे, त्याला तंगूस आत घालता येईल अशी फट किंवा किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी कडी असते. कड्याला वेगळी, मजबूत दोरी बांधायची. तंगूस ताणून धरायची, कडे तिच्यावर चढवायचे आणि सोडून द्यायचे. ते तंगुसावरून घसरत खाली जाते आणि आमिषाच्या तोंडावर आदळते. हा ठोका नेमका हव्या त्या दिशेने, म्हणजे आपल्यापासून दूर बसतो. गरी मागे सरकते आणि सुटते. पहिल्याच ठोक्याला सुटली नाही तर दोरीने कडे थोडे वर घेऊन पुन्हा सोडायचे.

एवढ्याशा वजनाने काय होणार, असे वाटेल. हिशोब करून पाहू. १०० ग्रॅम शिशाचे वजन सुमारे १ न्यूटन. पाण्यात प्लावक बलामुळे ते आणखी थोडे कमी, ०.९ न्यूटन भरेल. हे वजन गरीवर नुसते ठेवले तर ती हलणारही नाही. पण तेच वजन सेकंदाला १ मीटर वेगाने येऊन समजा २ सहस्रांश सेकंदात थांबले, तर संवेगातील बदल भागिले वेळ, म्हणजे ०.१ × १ ÷ ०.००२ = ५० न्यूटन, इतके सरासरी बल त्या क्षणापुरते लागते. सुमारे ५ किलो वजनाचा दाब! खिळ्यावर हातोडी ठेवून दाबली तर खिळा जात नाही आणि हाणली तर जातो, ते याचमुळे. संवेग आणि आवेग शिकवताना क्रिकेटचा झेल हे उदाहरण आपण वर्षानुवर्षे देतो. त्याच्या जोडीला हे एक घ्यायला हरकत नाही.

कडे कशाचे असावे? घनतेच्या तक्त्याचा उपयोग इथे होतो. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, लोखंडाची सुमारे ७.८ पट, आपल्या काळ्या कातळाची सुमारे २.९ पट. १०० ग्रॅम शिसे समुद्राच्या पाण्यात ९१ ग्रॅम भरते, लोखंड ८७ ग्रॅम, आणि दगड जेमतेम ६५ ग्रॅम. म्हणजे शिसे आणि लोखंड यांत फरक अगदी थोडा आहे. लोखंडाचे मोठे नट किंवा साखळीचा तुकडा घेतला तर काम तितकेच चांगले होते. साखळीचा एक अधिक फायदा आहे. तिच्या कड्यांत आमिषाच्या तीन तोंडांच्या गळाचे एखादे तोंड अडकते, आणि मग नाजूक तंगुसाऐवजी जाड दोरीने सगळे वर ओढता येते. फार तर गरी सरळ होईल, पण आमिष हाती येईल.

हे साधन होडीतून उत्तम चालते आणि कातळावरून बहुतेक वेळा फसते. असे का, हा प्रश्न मुलांना सोडवू द्या. होडी आमिषाच्या जवळजवळ डोक्यावर नेता येते. पाणी १० मीटर खोल आणि होडी ३ मीटर बाजूला असेल, तर तंगुसाचा क्षितिजाशी कोन ७३ अंशांचा होतो आणि कडे सुसाट खाली जाते. कातळावर बसलेल्याची गोष्ट वेगळी. तो पाण्यापासून २ मीटर उंच, पाणी ३ मीटर खोल, आणि आमिष ३० मीटर दूर. उतार ३० ला ५, म्हणजे साडेनऊ अंश. एवढ्या उतारावर कडे घर्षणामुळे वाटेतच थांबते.

वर्गात हे दाखवायला पाणीही लागत नाही. जाड तंगूस किंवा गुळगुळीत सुतळी दाराच्या कडीला बांधा, दुसरे टोक ताणून धरा, आणि तिच्यात एक नट ओवा. टोक जमिनीजवळ नेत-नेत नट कोणत्या कोनाला घसरायला लागतो ते कोनमापकाने मोजा. त्या कोनाचा टॅन म्हणजेच घर्षणांक. २० अंशांना घसरू लागला तर घर्षणांक ०.३६. मग सुतळीला मेण लावून पाहा, ओली करून पाहा, नटाऐवजी बांगडी घेऊन पाहा. गरीसाठी मात्र कागदाला लावायची टाचतार वाकवून घ्यावी. खऱ्या गऱ्या वर्गात आणू नयेत. चाळीस मुलांत त्यांतली एक कोणाच्या तरी बोटात जातेच.

कातळावरच्या माणसाला दुसरी युक्ती आहे. तंगूस ताणून धरायची, काठीजवळ दोन बोटांनी धनुष्याच्या दोरीसारखी बाजूला खेचायची आणि एकदम सोडायची. ताण क्षणभर वाढतो आणि लगेच नाहीसा होतो. त्या धक्क्याने आमिष मागे उसळी घेते. गरी खोल रुतली नसेल तर पाच-दहा वेळा असे केल्यावर सुटते. जोर लावून जे होत नाही ते ताण अचानक काढून घेतल्याने होते, हे पाहणाऱ्याला जादूसारखे वाटते. गोबरा धरणारेही असेच काहीसे करतात. गरी लागलेला गोबरा कपारीत शिरून कल्ले फुगवून घट्ट बसतो. त्याला ओढत बसणे व्यर्थ. तंगूस ढिली सोडून थोडा वेळ वाट पाहिली तर तो आपणहून बाहेर येण्याची शक्यता असते.

खाडीत वाहते पाणी हेच साधन बनते. काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी तिथे समुद्राकडे ओढ असते. आपण वरच्या बाजूला उभे असू आणि गरी प्रवाहाच्या दिशेने खाली अडकली असेल, तर प्लॅस्टिकची एक लिटरची बाटली अर्धी पाण्याने भरावी, बूच घट्ट लावावे आणि तारेच्या कडीने ती तंगुसावर अडकवून सोडून द्यावी. तंगूस ढिली सोडत जावे. बाटली वाहत गरीच्या पुढे निघून जाते आणि तंगुसाचा फास पलीकडे तयार होतो. आता एक झटका दिला की गरीवरचा ताण पलीकडून येतो. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल तर अशा बाटलीवर ढोबळ मानाने ५ न्यूटन बल पडते. वेग निम्मा झाला तर बल निम्मे न होता चौथाई होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून संथ पाण्यात ही युक्ती चालत नाही. बाटली मात्र परत आणायची आहे, हे विसरू नये. दुसरी कडी घालून तिला बारीक दोरी बांधलेली बरी.

मराठीत एक गंमत आहे. ‘गळ’ हा शब्द मासे धरायच्या आकड्यालाही आहे आणि विहिरीत पडलेली कळशी काढायच्या आकड्यालाही आहे. नळ येण्यापूर्वी कोकणातल्या प्रत्येक वाडीत एखाद्या घरी असा गळ असे आणि कळशी पडली की तो मागून आणत. चारी बाजूंना तोंडे असलेले ते लोखंडी झुंबर दोरीने तळाला सोडायचे, गोल फिरवायचे आणि हाताला जड लागले की सावकाश ओढायचे. दिसत काही नाही, सगळे काम दोरीतून येणाऱ्या संवेदनेवर. तुटलेल्या तंगुसासकट तळाला राहिलेली आमिषे होडीतून काढायची असली तर हाच गळ लहान आकारात वापरता येतो. एखाद्या आजीला वर्गात बोलावून तिच्याकडून हे वापरणे समजून घ्यावे. बळ कसे लावायचे यापेक्षा केव्हा थांबायचे, हे तिला जास्त चांगले ठाऊक असते.

गळाचा मोठा भाऊ म्हणजे नांगर. होडीचा नांगरही ओढल्यावर रुतावा म्हणूनच बनवलेला असतो आणि खडकाळ तळावर तो गरीसारखाच अडकून बसतो. यावर नाविकांनी फार सुंदर उपाय शोधलेला आहे. नांगराची दोरी दांडीच्या वरच्या कडीला न बांधता खालच्या टोकाला, जिथे फाळ फुटतात तिथे बांधतात. तिथून ती दांडीच्या बाजूने वर आणून कडीशी फक्त बारीक सुताने आवळतात. नेहमीच्या ताणात सूत टिकते आणि नांगर रुतून राहतो. अडकला, की होडी त्याच्या डोक्यावर नेऊन जोराचा हिसका देतात. सूत तुटते, ओढ खालच्या टोकाला पोहोचते आणि नांगर उलटा होऊन निघतो. सूत किती जाड घ्यावे यातच सगळे कौशल्य आहे. वाऱ्याने तुटेल इतके बारीक नको, माणसाच्या जोराने तुटणार नाही इतके जाडही नको. विजेच्या फ्यूजचे तत्त्वही हेच : कुठे तुटावे ते आपण आधीच ठरवून ठेवायचे.

गरवतानाही हे करता येते. बहुधा गरी अडकत नाही, वजन अडकते. तेव्हा वजन मुख्य तंगुसाला न बांधता निम्म्या ताकदीच्या दोऱ्याने लोंबते ठेवावे. अडकले तर दोरा तुटून वजन जाईल, बाकी सगळे परत येईल. आणि वजन जाणारच असेल तर ते शिशाचे कशाला? भोक असलेला दगड किंवा गंजका नट चालेल.

आता धोक्याविषयी. नायलॉन ताणले जाते. ३० मीटर तंगूस ५० न्यूटन बलाने ओढली आणि समजा ती ३ मीटर लांबली, तर तिच्यात ½ × ५० × ३ = ७५ ज्यूल स्थितिज ऊर्जा साठते. त्या क्षणी ५० ग्रॅमचे आमिष सुटले तर ही ऊर्जा त्याला आपल्याकडे फेकते. बरीचशी ऊर्जा पाण्यात आणि खुद्द तंगुसात खर्च होते हे खरे. पण दहावा हिस्सा जरी उरला, तरी साडेसात ज्यूल म्हणजे सेकंदाला १७ मीटर, ताशी ६० किलोमीटरहून जास्त वेग. सहा टोके असलेली वस्तू या वेगाने तोंडाकडे येते. अशा अपघातांत डोळे गेलेले आहेत. म्हणून वाकलेल्या काठीने गरी कधी उपटू नये. तोडायचेच ठरले तर तंगूस लाकडाच्या तुकड्याला गुंडाळावी, पाण्याकडे पाठ करावी आणि सरळ चालत जावे. हाताला किंवा बोटाला गुंडाळू नये, ताणलेली तंगूस कातडी कापते. आजूबाजूला कोणी उभे नाही ना, हेही आधी पाहावे. गरवणाऱ्याने चष्मा लावणे यात लाजण्यासारखे काही नाही.

तुटलेल्या तंगुसाचे पुढे काय होते? ती कुजत नाही, वर्षानुवर्षे तशीच राहते आणि पाण्यात दिसत नाही. पक्ष्यांचे पाय, कासवांचे पर तिच्यात गुंततात. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे त्यांच्या संरक्षणाचे काम उभे केले. हीच कासवे समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकून जखमी अवस्थेत किनाऱ्याला लागतात. मच्छीमाराने संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी स्वतःचे जाळे कापले तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. जाळ्याच्या मानाने तंगुसाचा तुकडा क्षुल्लक, परंतु दर सुट्टीला प्रत्येक कातळावर दोन-चार तुकडे राहतात.

शिशाची गोष्ट आणखी गंभीर आहे. ब्रिटनमध्ये गरवणाऱ्यांची बारीक शिशाची वजने नद्यांच्या तळाशी साठली. हंस अन्न दळण्यासाठी खडे गिळतात. खड्यांबरोबर ही वजनेही त्यांच्या पेषणीत गेली आणि शिशाच्या विषबाधेने ते मोठ्या संख्येने मेले. १९८७ पासून तिथे ०.०६ ते २८.३५ ग्रॅम या टप्प्यातल्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली आणि नंतर हंसांची संख्या वाढली. आपल्याकडे शिसे घरी वितळवून वजने ओतणारे आहेत, ३२७ अंश सेल्सिअसला ते वितळते आणि चुलीवर सहज होते. हे काम मुलांच्या आसपास, स्वयंपाकघरात करू नये. बारीक वजन दातांनी दाबून तंगुसावर बसवण्याची सवय मोडावी आणि गरवून आल्यावर हात साबणाने धुवावेत.

कातळावरच्या माणसासाठी सर्वांत स्वस्त साधन शेवटी सांगतो. रत्नागिरीला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे २ मीटरचा फरक पडतो. भरतीला अडकलेली गरी सहा तासांनी पुष्कळदा उघड्या कातळावर पडलेली सापडते. तंगूस तोडण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून जागा लक्षात ठेवावी. वेळ काढायला आपल्याकडे जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. जागेप्रमाणे तासभर मागेपुढे होते, तेवढे आपल्या गावासाठी महिनाभर नोंदी ठेवून मुलांनी दुरुस्त करून घ्यावे. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला सायंकाळी पाचच्या सुमारास, पायात रबरी तळव्याच्या चपला घालून आणि घरातले मोठे माणूस बरोबर घेऊन, सकाळी राहिलेली गरी आणायला जाता येईल.